भातखाचरातील बेडूक व निर्यातव्यापार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या हिरकणीवाडीच्या परिसरात भातशेती पावसावर अवलंबून आहे. अशा खाचरांत पहिल्या पावसासरशी नर पिवळेधमक होऊन ओरडू लागतात, तो मोठा बेडूक म्हणजे राना टायग्रिना (आजचे नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस). पिकावरील कीटक व खेकडे हे त्याचे भक्ष्य. याच्या तंगड्यांना युरोप-अमेरिकेत मागणी होती; १९८१ मध्ये भारतातून चार हजार टनांहून अधिक तंगड्या निर्यात झाल्या. १९८५ मध्ये ही जात साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली व १९८७ मध्ये भारताने निर्यात थांबविली. त्यानंतर इंडोनेशिया प्रमुख पुरवठादार बनला. म्हणजे मागणी संपली नाही, तिचा भार केवळ स्थलांतरित झाला.

मर्यादित पकड हा उपाय वरकरणी सोपा वाटतो. परंतु हा बेडूक कोरड्या ऋतूत जमिनीत दडून राहतो व विणीसाठी बाहेर येतो तेव्हाच सहज सापडतो. पकडीचा हंगाम आणि संरक्षणाचा हंगाम एकच ठरतो. बंदिस्त पालनातही अडचणी आहेत : प्रौढ बेडूक हलणारे भक्ष्यच टिपतो, तर डिंभ एकमेकांना खातात.

सारांश, तंगड्यांची किंमत निर्यातदारास मिळाली. कीटकनियंत्रणाची हानी मात्र खाचराच्या वाट्यास आली. संवर्धनाच्या कोणत्याही योजनेत या दुसऱ्या हिशेबास प्रथम स्थान द्यावयास हवे.