‘सी’ तुकडीतलं मूल : आधीच मागे होतं, की तिथे बसून मागे पडलं?

शाळेत तुमची तुकडी कोणती होती? बहुतेकांना हे चटकन आठवतं. ‘अ’ वाले जरा मोठ्याने सांगतात, इतकंच.

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात विषय असा होता : ‘क्षमतेनुसार गट केल्याचा मुलांच्या संपादणुकीवर होणारा परिणाम’. गाईडनी वाचलं आणि विचारलं, “कसले गट? किती काळासाठी? शिकवणार कोण?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी जाऊन पोहोचले युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये. तिथे हाच प्रश्न तीन अभ्यासकांनी तीन तऱ्हांनी विचारला होता. पेटची तयारी करणाऱ्यांना त्यातून संशोधन पद्धतीचा एक अख्खा धडा मिळतो, म्हणून हा लेख.

आधी पार्श्वभूमी. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तिथे सरकारी माध्यमिक शिक्षण मोफत झालं. पण कोणत्या शाळेत जायचं, हे अकराव्या वर्षीच्या ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेवर ठरू लागलं. साधारण पाचातलं एखादं मूल ग्रामर स्कूलला जाई. विद्यापीठाची वाट तिथूनच. बाकीची बहुतेक सेकंडरी मॉडर्न शाळेत. साहजिकच प्राथमिक शाळा या परीक्षेच्या मागे लागल्या. मोठ्या शाळांनी मुलांच्या ए, बी, सी तुकड्या पाडल्या. याला ‘स्ट्रीमिंग’ म्हणत. सिरिल बर्ट यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ सांगत होते की बुद्धी मुख्यतः जन्मजात असते आणि लहानपणीच मोजता येते. हे एकदा मानलं की सातव्या वर्षी तुकडी ठरवण्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

ब्रायन जॅक्सन यांनी विचारलं : कुठल्या तुकडीत कोण बसलंय? त्यांचं पुस्तक १९६४ चं. त्यांनी पाहिलेल्या ६६० शाळांपैकी ९६ टक्के शाळांत तुकड्या होत्या. ‘ए’ मध्ये सुशिक्षित नोकरदारांची मुलं जास्त, ‘सी’ मध्ये मजुरांची. अनुभवी शिक्षकही बहुधा ‘ए’ कडेच. आणि एक गंमत : ‘ए’ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबरात जन्मलेली मुलं जास्त होती, ‘सी’ मध्ये उन्हाळ्यात जन्मलेली. कारण साधं आहे. तिथलं शालेय वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल त्याच वर्गात जवळजवळ वर्षाने लहान असतं. म्हणजे ज्याला बुद्धी समजलं जात होतं, त्यात वाढदिवसाचाही वाटा होता!

पण थांबा. जॅक्सन यांची पाहणी एका वेळची. तुकडीमुळे मूल मागे पडलं, हे तिच्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी तीच मुलं पुन्हा मोजावी लागतात. ते केलं जे. डब्ल्यू. बी. डग्लस यांनी. मार्च १९४६ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांहून जास्त मुलांचा ते मागोवा घेत होते. या मुलांच्या चाचण्या आठव्या आणि अकराव्या वर्षी झाल्या. आठव्या वर्षी सारखे गुण असलेल्या मुलांपैकी वरच्या तुकडीतली पुढे सरकली, खालच्या तुकडीतली घसरली. म्हणजे तुकडीने केलेलं भाकीत तुकडीच खरं करून दाखवत होती. तरी शंका उरतेच : दोघांची घरं सारखी होती का?

तिसऱ्या जोन बार्कर लन. त्यांनी तुकड्या पाडणाऱ्या ३६ आणि न पाडणाऱ्या ३६ शाळांची तुलना केली. अहवाल १९७० चा. सरासरी गुणांत म्हणावा असा फरक निघाला नाही. अनेक जण इथेच ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळे झाले असते. लन यांनी शिक्षकांकडे पाहिलं. तुकड्या नसलेल्या शाळांतही बरेच शिक्षक मनातून तुकड्या मानणारेच होते आणि वर्गातल्या वर्गात तसेच गट करत होते. जिथे शिक्षकाचा खरोखर मिश्र वर्गावर विश्वास होता, तिथे मध्यम आणि कच्च्या मुलांचं शाळेशी नातं जास्त चांगलं होतं. शाळेचं धोरण एक, वर्गातला व्यवहार दुसरा. आपला स्वतंत्र चल यातला नेमका कोणता?

आता आपल्याकडचं उदाहरण. २००१ नंतर ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचं मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मूल्यमापन झालं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना बालसखी रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून वाचन-गणिताचा पाया शिकवायची. बालसखी कुठे द्यायची, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं होतं. गुण वाढले, आणि वाढ मुख्यतः कच्च्या मुलांत दिसली. हेही क्षमतेनुसार गटच! पण दिवसातले दोन तास, आणि मुलाला जे येत नाही तेच शिकवण्यासाठी. बाकी वेळ मूल आपल्याच वर्गात. इंग्लंडातली ‘सी’ तुकडी मात्र दिवसभराची आणि वर्षानुवर्षांची होती.

दोन्हींना ‘गट’ हा एकच शब्द वापरला की निष्कर्ष एकमेकांना छेद देणारच. त्यामुळे ‘परिणाम काय?’ विचारण्याआधी गाईडच्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. माझा विषय मी आता बदललाय : गटात गेलेलं मूल किती दिवसांनी बाहेर येतं? ऑगस्टमध्ये जन्मलेल्या त्या मुलाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच होता.