एका पातेल्याचा इतिहास

राज्ये तहांनी आणि तोफांनी घडतात, असे इतिहासाची क्रमिक पुस्तके आपणांस शिकवितात. परंतु ज्या राज्यकर्त्यांस प्रजेच्या केवळ शरीरावर नव्हे तर मनावरही सत्ता गाजवावयाची असते, त्यांची दृष्टी कधी ना कधी तिच्या चुलीकडे वळतेच. जर्मनीत ती १९३३ साली वळली. त्या वेळी चुलीवर जे पातेले होते, त्याची ही हकीकत आहे.

हे पातेले मूळचे शेतकऱ्याचे. उत्तर युरोपातील हिवाळा दीर्घ आणि कडक. जमीन गोठण्यापूर्वी जे साठविता येईल त्यावर वसंतापर्यंत निभाव लावावयाचा. ज्या कोबीचे नावही आपल्या भाषेस पोर्तुगीजांकडून मिळाले, तो तेथील गरिबाचा मोठा आधार. बारीक चिरून, मीठ लावून पिंपात दाबून ठेवला की तो स्वतःच्याच पाण्यात आंबतो आणि त्या आंबटपणामुळेच महिनोन् महिने टिकतो. थंडीच्या तोंडाशी घरचे डुक्कर मारावयाचे, त्याचे मांस बारीक करून, मीठमसाला लावून, त्याच्याच आतड्यांत भरावयाचे व धुरावर टांगावयाचे, हेच सॉसेज.

दिवसभराच्या कष्टांनी थकलेली गृहिणी सायंकाळी या दोहोंचा मेळ एकाच भांड्यात घालीत असे. सॉसेजचे काप प्रथम परतले म्हणजे त्यांची चरबी सुटते. तीत कांदा, मागोमाग चिरलेला कोबी व बटाट्याच्या फोडी, वर चिमूटभर शहाजिरे आणि थोडे पाणी. झाकण ठेवून मंद विस्तवावर अर्धा-पाऊण तास शिजू दिले की कोबी मऊ होतो आणि मांसाचा स्वाद त्यात उतरतो. निराळे तेल नको, दुसरी चूल नको, घासावयास दुसरे भांडेही नको. थोडक्या मांसाने पुष्कळ भाजीस चव आणावयाची, हेच या पाकाचे सारे अर्थशास्त्र होय.

अशा पाकास जर्मन भाषेत ‘आइनटॉप्फ’, म्हणजे ‘एक-भांडे’, असे म्हणतात. पदार्थ जुने, परंतु हे नाव सर्वतोमुखी झाले ते १९३३ नंतरच, आणि ते करण्यात सरकारचा हात होता.

त्या वर्षीच्या जानेवारीत हिटलर अधिकारावर आला, तेव्हा जर्मनीत सुमारे ६० लक्ष लोक बेकार होते. सप्टेंबरात नव्या सरकारने गरिबांसाठी ‘हिवाळी साहाय्य’ नावाचा निधी उभारला, आणि १ ऑक्टोबर १९३३ रोजी पहिला ‘आइनटॉप्फ-रविवार’ पाळला गेला. ऑक्टोबर ते मार्च या काळात दरमहा एका रविवारी प्रत्येक कुटुंबाने नेहमीचे भाजलेले मांस वर्ज्य करून एका भांड्यातले साधे जेवण जेवावे, त्यावर माणशी ५० फेनिगांहून अधिक खर्च करू नये, आणि जे पैसे वाचतील ते दारी येणाऱ्या वसुलीदाराच्या हाती द्यावेत, अशी योजना होती. खानावळींनाही त्या दिवशी असेच अन्न वाढावे लागे. बर्लिनमध्ये लष्करी भटारखान्यांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहत, आणि पुढारी लोकांच्या पंगतीत बसून तेच अन्न खात असल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत. धनिक व निर्धन एका पंक्तीस बसले. यापरते राष्ट्रैक्य ते कोणते, असा त्या चित्रांचा बोध होता.

या बोधाखाली एक हिशेबही दडलेला होता. पहिल्या महायुद्धातील सागरी नाकेबंदी आणि १९१६ साली बुडालेले बटाट्याचे पीक यांमुळे जर्मन जनतेस एक अख्खा हिवाळा, एरवी गुरांपुढे टाकावयाच्या सलगमासारख्या कंदावर काढावा लागला होता. ती उपासमार कोणी विसरले नव्हते. लोणी, चरबी व तेल यांचा मोठा भाग अद्यापि परदेशांतूनच येत असे. आणि त्यासाठी लागणारे परकीय चलन राज्यकर्त्यांस शस्त्रसज्जतेसाठी हवे होते. कोबीचे पातेले चढले म्हणजे चरबी वाचे, निधी भरे, आणि प्रजेच्या अंगी पुढील युद्धाची सवयही मुरे.

ही देणगी नावापुरतीच ऐच्छिक होती. वसुलीदाराच्या हाती यादी असे. कोणी किती दिले हे तीवर चढे. आणि ज्याने नकार दिला त्याच्याकडे शेजारी व पक्षाचा मोहल्लेवाला संशयाने पाहू लागत. रविवारी कोणाच्या घरातून भाजलेल्या मांसाचा वास येतो, हीदेखील राजकीय बाब झाली. आणि खुद्द सत्ताधाऱ्यांची निष्ठा? हिटलरचा मंत्री स्पीअर याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, अशा दिवशी हिटलरच्या भोजनास येणाऱ्या पाहुण्यांची संख्या एकदम रोडावे. कारण जेवणाबरोबर वर्गणीची यादीही फिरे.

तथापि या कथेतील अत्यंत क्रूर भाग पुढेच आहे. ज्या पातेल्याभोवती सारे राष्ट्र एक झाले म्हणून नगारे वाजविले जात होते, त्यातून १९३५ च्या शरद ऋतूत ज्यू नागरिकांस वगळण्यात आले. त्यांच्यातील गरिबांसाठी त्यांनीच निराळा निधी जमवावा, असे ठरले. काल ज्यांच्याकडून वर्गणी घेतली, त्यांस आज पंक्तीतून उठविले. पंक्ती मांडणाराच पंक्तीतून उठवितो, हे आपणां हिंदी लोकांस निराळे समजावून देण्याची आवश्यकता नाही. १९३९ मध्ये युद्ध पेटले. पुढे त्या रविवारास ‘त्यागाचा रविवार’ असे नवे नाव मिळाले, आणि मग त्याग कशाकशाचा करावा लागला, हे जगास ठाऊक आहे.

यात कोबीचा अपराध नाही, काटकसरीचाही नाही. शेजाऱ्याच्या भुकेसाठी आपला एक घास कमी करणे ही कोणत्याही समाजास भूषणावह गोष्ट आहे. परंतु व्रत हे ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. ते दुसऱ्याने लादले, त्याची नोंद ठेवली आणि न पाळणारास शत्रू ठरविले, की ते व्रत राहत नाही. तो दंड होतो. आणि असा दंड बहुधा सद्गुणाच्या वेषातच दारी येतो, म्हणून भल्याभल्यांस तो ओळखू येत नाही.

ते सरकार १९४५ साली लयास गेले. पातेले मात्र राहिले. जर्मन घरांत आजही थंडीच्या दिवसांत सॉसेज व कोबी एकाच भांड्यात शिजतात. पण किती खर्च झाला आणि किती उरले, हे विचारावयास आता दाराशी कोणी येत नाही.