दमनकाचा खटला

यमुनातीरी संजीवक बैलाची डुरकणी ऐकून पंचतंत्रातील पिंगलक सिंह पाणी न पिताच मागे फिरला. तेव्हा दमनक कोल्ह्याने त्याला गोमायूची गोष्ट सांगितली. ओसाड रणभूमीवरील भयंकर नादाने गोमायू भ्याला, पण पळाला नाही. जवळ जाऊन पाहतो तो वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या नगाऱ्यावर आदळत होत्या!

एवढेच आम्ही मुलांना हौसेने सांगतो. पुढे सिंह व बैल यांचे मैत्र जुळताच त्याच दमनकाने दोघांच्याही मनात विष कालविले. दुरून आलेल्या आवाजाची चौकशी करविणाऱ्या सिंहाने जवळच्याच्या शब्दाची मात्र केली नाही. निरपराध बैल मारला गेला, आणि दमनक मंत्रिपदी राहिला.

हा शेवट सर्वांनाच रुचला नसावा. आठव्या शतकातील ‘कलीला व दिम्ना’ या इब्न अल्-मुकफ्फाच्या अरबी ग्रंथात दमनकावर खटला चालतो. तेराव्या शतकात, ख्रिस्ती झालेला ज्यू पंडित कापुआचा जॉन याने हिब्रूवरून हा ग्रंथ लॅटिनमध्ये नेला. खटल्यात अखेर दोन साक्षीदार उभे राहतात. आधी का बोलला नाहीस, असे विचारता दुसरा सांगतो की, एकट्याच्या साक्षीने दोष सिद्ध होत नाही. अनुवाद ग्रंथातील दोन-तीन साक्षीदारांचा नियम येथे आम्हांस आठवतो. पिंगलकाने मित्राला मारताना एकही साक्षीदार मागितला नव्हता.