पोर्ट, रिफंड आणि आपला प्रिन्स



गेल्या शाळेच्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांनी एक नवा गेम विकत घेतला. मूळ कन्सोलचा, आता पीसीवर आलेला. (नाव मुद्दाम देत नाही.) चाळीसेक मिनिटांनी स्वारी स्वयंपाकघरात आली. "बाबा, फार अडकत चालतोय. रिफंड टाकला." आणि फ्रिज उघडून दूध प्यायला लागला. मी चाट पडलो. गेम वाईट निघाला म्हणून नव्हे, तर ज्या सहजपणे त्याने पैसे परत मागितले त्यामुळे. म्हणून हे पुराण.

२००४ च्या सुमारास मी लॅमिंग्टन रोडवरून असाच एक गेम घेतला होता. ओरिजिनल, पायरेटेड नव्हे, आणि तोसुद्धा पहिल्या पगारातून! डोंबिवलीला घरी येऊन लावला तर स्क्रीनवर सूचना, "बटन ७ दाबा". कीबोर्डवरचं सात दाबलं तर ढिम्म हलेना. ते गेमपॅडचं सातवं बटन निघालं. दुकानदार म्हणाला, "साहेब, सील फोडलंत ना? आता तुमचं." संपला विषय.

गंमत म्हणजे आपली पिढी वाढली ती पोर्टवरच. कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की आपण जो प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचो, तो काही मूळ डॉसचा नव्हे. जॉर्डन मेकनरने तो १९८९ मध्ये ॲपल टू साठी लिहिला. तेव्हा ते मशीन शेवटच्या घटका मोजत होतं, त्यामुळे खप यथातथाच. १९९० मध्ये डॉसवर आला, मग मॅकवर, जपानी मशीनवर, आणि तेव्हा कुठे त्याचं नाव झालं. म्हणजे पोर्टनेच त्या गेमला जगवलं.

कन्सोलवरून पीसीवर आणणं हे मात्र निराळं प्रकरण. कन्सोल म्हणजे एकाच मापाचं मशीन. प्रोग्रॅमरला मेमरी किती, चिप कुठली, सगळं आधीच माहीत. पीसी म्हणजे ज्याचं त्याचं ग्राफिक्स कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा. एकाच्या अंगाला बेतून शिवलेला सदरा अख्ख्या वाडीला घालायला द्यायचा तर उसवून पुन्हा शिवावा लागतो. कंपन्या नुसती बटणं बदलून द्यायच्या. रेसिडेंट इव्हिल ४ ची २००७ ची पीसी आवृत्ती घ्या. नेम धरून गोळ्या घालायचा गेम, आणि त्यात माउसने नेम धरायची सोयच नाही! ती हौशी लोकांनी नंतर स्वतः पॅच लिहून केली. डार्क सोल्स २ (२०१४) मध्ये तर शस्त्राची झीज सेकंदाला किती फ्रेम पडतात त्यावर बांधलेली होती. कन्सोलवर ३०, पीसीवर ६०. परिणाम, चांगल्या पीसीवाल्याची तलवार दुप्पट वेगाने झिजायची. आपण प्रोग्रॅमर मंडळी हसू, पण असला कोड आपणही कधीतरी लिहिलेला आहे. खोटं का बोला.

मग खप कमी झाला की कंपन्या म्हणत, पीसीवाले सगळे चोर, इथे काही विकत नाही. चोरी होती, नाकारत नाही; आपल्याकडे तर पन्नास रुपयांची सीडी कुठेही मिळे. पण विकत घेणाऱ्याच्या पदरी काय? गिअर्स ऑफ वॉरच्या पीसी आवृत्तीचं डिजिटल सर्टिफिकेट २८ जानेवारी २००९ ला संपलं आणि पैसे मोजून घेतलेला गेम त्या दिवसापासून सुरूच होईना. नंतर पॅच आला म्हणा. पोर्ट वाईट म्हणून लोक घेत नाहीत, आणि लोक घेत नाहीत म्हणून पोर्टवर खर्च नाही, असं हे रहाटगाडगं.

ते अडलं, माझ्या मते, २०१५ मध्ये. जूनच्या सुरुवातीला स्टीमने रिफंड सुरू केला. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. तीन आठवडे होतात न होतात तोच, २३ जूनला, बॅटमॅन: अर्कम नाइट आला. पीसीचं काम बाहेरच्या स्टुडिओला दिलेलं, ३० फ्रेमला बांधलेला, तरीही अडखळणारा. लोकांनी धडाधड पैसे परत मागितले. वॉर्नरने पीसीवरची विक्रीच थांबवली, ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या शेवटी. खपाचा आकडा आणि कामाचा दर्जा यांची गाठ इतक्या लवकर पडलेली मी तरी पूर्वी पाहिली नव्हती.

यात आपल्या ऑस्ट्रेलियाचाही हात आहे, हे इथल्याही पुष्कळांना माहीत नसतं. इथल्या ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, स्टीमच्या मालकांवर, वॉल्व्हवर, ऑगस्ट २०१४ मध्येच केस टाकली होती. कंपनीचं म्हणणं, आम्ही अमेरिकेत, तुमचा कायदा आम्हाला लागू नाही. फेडरल कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं, लागू आहे. तीस लाख डॉलर दंड. प्रकरण हायकोर्टाच्या दारापर्यंत गेलं, तिथे २०१८ मध्ये अपिलाची परवानगीच नाकारली. तो जगभरचा रिफंड केवळ या केसमुळे आला असं मी म्हणणार नाही, पण केस चालू असतानाच आला, एवढं खरं. लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानदाराला हे सांगावंसं वाटतं.

त्यानंतर मोठ्या कंपन्यांनाही पोर्टमध्ये पैसा दिसू लागला. सोनीने २०२० मध्ये होरायझन झिरो डॉन पीसीवर आणला. सुरुवातीला तोही खडखडत होता, पण दुरुस्त करत राहिले; मार्च २०२२ पर्यंत सुमारे २४ लाख प्रती खपल्या. २०२१ मध्ये सोनीने निक्सेस ही पोर्टमध्ये मुरलेली डच कंपनीच विकत घेतली. २०१२ मध्ये डार्क सोल्सचं बांधून ठेवलेलं रिझोल्यूशन रिलीजच्या दिवशीच मोकळं करणारा 'दुरांते' नावाचा हौशी माणूस तर आता जपानी गेम्सची पोर्ट्स करण्याचाच व्यवसाय करतो.

राहिलं पुणं. २००८ मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्टकडून घेतलेला पुण्याचा स्टुडिओ वर्षानुवर्षं इतरांच्या गेम्सना हातभार लावत होता. २०२० मध्ये पुणे-मुंबईच्या टीमचं स्वतःचं असं मोठं काम जाहीर झालं, आणि तेही आपल्या प्रिन्सचंच! २००३ च्या सँड्स ऑफ टाइमचा रीमेक. ट्रेलर बघून नेटवर चेष्टा झाली, पुढच्या तारखा लागत गेल्या, मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला हलवलं. तेव्हा 'इंडियन आउटसोर्सिंग, दुसरं काय होणार' ही टीका मेलबर्नच्या आपल्याच एका गेट-टुगेदरमध्ये, वडापाव खाता खाता, ऐकली आणि डोकं फिरलं. मूळ गेम ज्या गावात तयार झाला त्या मॉन्ट्रियलकडे तो पुढे साडेतीन वर्षं होता, आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला.

माझा भाचा पुण्यातच गेम टेस्टिंग करतो (कंपनी दुसरी). त्याला फोनवर विचारलं, "काय रे, लोक दोन तासांत रिफंड मागतात, तुम्हाला कळतं का?" म्हणाला, "मामा, आता आम्हाला पहिले दोन तासच सगळ्यात जास्त टेस्ट करायला लावतात."

पॉइंट कुक, मेलबर्न