तांबे, विजय वसंत

तांबे, विजय वसंत : भारतीय हवाई दलातील फ्लाइट लेफ्टनंट, १९७१ च्या भारत-पाक युद्धात बेपत्ता. ३२ व्या स्क्वाड्रनचे हे वैमानिक ५ डिसेंबर रोजी सुखोई-७ घेऊन पाकिस्तानी पंजाबातल्या शोरकोट रोड विमानतळावर हल्ला करायला गेले, ते परतले नाहीत. सुखोई-७ हे जमिनीवरच्या लक्ष्यांवर बॉम्ब टाकणारे आणि रॉकेटे डागणारे लढाऊ विमान. त्यात जागा एकच, त्यामुळे शेवटच्या क्षणी आत काय घडले हे सांगायला कोणी उरत नाही. विमान विमानवेधी तोफांच्या माऱ्यात पडले, एवढीच भारतीय नोंद आहे.

दुसरी नोंद पाकिस्तानी वर्तमानपत्राची. ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ने पाच भारतीय वैमानिक पकडल्याची बातमी छापली, त्यात फ्लाइट लेफ्टनंट ‘टॉम्बे’ हे नाव होते. टॉम्बे असे आडनाव मराठी माणसाच्या कानावर कधी आलेले नाही. मात्र इंग्रजीत लिहिताना ‘ए’च्या जागी ‘ओ’ पडला, की तांब्यांचे टॉम्बे होतात. अडचण अशी, की त्या अंकाची तारीखही ५ डिसेंबरच सांगितली जाते. तारखा जुळवणे अवघड खरे. पण हे नाव दुसऱ्या कोणाचे मानणे त्याहून अवघड आहे.

युद्धकैद्यांची अदलाबदल डिसेंबर १९७२ मध्ये वाघा सीमेवर झाली. सुखोई-७ चेच दुसरे मराठी वैमानिक दिलीप परूळकर, रावळपिंडीच्या छावणीतून पळून पुन्हा पकडले गेलेले, ते मायदेशी परतले. त्यांची कैदी म्हणून नोंद होती. तांबे यांची नव्हती.

१९७९ मध्ये लोकसभेत चाळीस बेपत्तांची नावे सांगण्यात आली. पुढे ही यादी ५४ वर गेली. तांबे तीत आहेत. असा एकही कैदी आपल्याकडे नाही, हे पाकिस्तानचे म्हणणे कायम आहे. २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही. पत्रकार चंदर सुता डोगरा यांनी या ५४ जणांच्या कागदपत्रांचा माग काढणारे पुस्तक २०२० मध्ये लिहिले.

विजय तांबे यांच्या पत्नी दमयंती या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या व १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पती बेपत्ता झाले तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. सरकारी दप्तरे आणि जुन्या बातम्यांमधून त्या पतीचा शोध घेत राहिल्या. त्यांनी दुसरे लग्न केले नाही.