‘मिझार’ : एका उडत्या मोटारीचा अपघात (१९७३)

मराठीत विमानविद्येच्या इतिहासाची चर्चा बहुधा शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या कथित उड्डाणापाशी येऊन थांबते आणि ‘उडाले की नाही’ या एकाच वादात अडकते. यंत्र उडाले, परंतु तगले नाही, अशा प्रयोगांची दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रयोगाचा, अमेरिकेतील ‘मिझार’ या उडत्या मोटारीच्या अपघाताचा, विचार केला आहे.

कॅलिफोर्नियातील अभियंता हेन्री स्मोलिन्स्की यांनी नवे यंत्र घडविण्याऐवजी बाजारातील दोन यंत्रे जोडण्याचा मार्ग पत्करला. सेस्ना स्कायमास्टर या विमानास पुढे व मागे अशी दोन इंजिने असत. पुढचे इंजिन व बैठकीचा भाग काढून तेथे फोर्ड कंपनीची पिंटो ही छोटी मोटार बसविण्यात आली. विमानतळावर उतरल्यावर पंख तेथेच सोडून मोटार गावात न्यावयाची, अशी योजना होती. मिझार म्हणजे सप्तर्षींतील वसिष्ठ; अरुंधतीसह दिसणाऱ्या या ताऱ्याचे नाव जोडयंत्रास शोभणारे होते, दुर्बळ होती ती जोडणी.

२६ ऑगस्ट १९७३ रोजी कॅमारिलो विमानतळावरून चाचणी वैमानिक चार्ल्स जॅनिस यांनी उड्डाण करताच उजव्या पंखाला आधार देणाऱ्या तिरप्या दांडीची बैठक निखळली. वळल्यास पंखावर अधिक ताण येईल हे ओळखून त्यांनी यंत्र सरळ पुढे नेऊन शेतात उतरविले. हा इशारा पुरेसा स्पष्ट होता. तरीही अवघ्या १६ दिवसांनी, ११ सप्टेंबरला, जॅनिस उपलब्ध नसताना स्मोलिन्स्की स्वतः वैमानिकाच्या जागी बसले. सोबत सहकारी हॅरोल्ड ब्लेक होते. उजव्या पंखाची दांडी मोटारीपासून सुटली आणि दोघेही मृत्युमुखी पडले.

चौकशीत सदोष वेल्डिंगवर ठपका ठेवण्यात आला. तथापि प्रश्न केवळ कारागिरीचा नव्हता. उड्डाणात पंख वर उचलले जातात, तेव्हा दांडी मोटारीच्या सांगाड्याला सतत ओढत असते. रस्त्यावरील धक्के सोसण्यासाठी बनविलेल्या पत्र्याकडून ही ओढ सोसण्याची अपेक्षा करण्यात आली. (पिंटोची पुढे झालेली कुप्रसिद्धी इंधनटाकीमुळे होती; तिचा येथे संबंध नाही.) याउलट मोल्टन टेलर यांच्या ‘एरोकार’मध्ये मोटार व पंख यांचा आराखडा आरंभापासून एकत्र केलेला होता. १९४९ मध्ये उडालेल्या त्या यंत्रास १९५६ मध्ये शासकीय प्रमाणपत्रही मिळाले. मिझारचे उत्पादन १९७४ मध्ये सुरू करावयाचे ठरले होते. निर्मात्यांच्या मृत्यूबरोबर ती योजना संपली.