एका लगामाचा प्रवास

कॅलिफोर्नियातल्या गुराख्यांच्या बोलीत ‘हॅकमोर’ असा एक शब्द आहे. ऐकायला अस्सल अमेरिकन वाटतो. घोड्याच्या तोंडात लोखंड न घालता, नाकावर बसणाऱ्या वेणीदार चामड्याच्या कड्याने त्याला वळवायचे, असा हा लगाम. हा शब्द स्पॅनिश ‘हाकिमा’चा अपभ्रंश, आणि ‘हाकिमा’ आला अरबी ‘शकीमा’वरून. गंमत अशी, की अरबीत शकीमा म्हणजे तोंडातले लोखंडी कडियाळेच! वाटेत कुठेतरी लोखंड गळून पडले आणि नाव तेवढे उरले. आपल्याकडे तरी काय, लगाम, रिकीब, जीन हे सारे फारसीतून आलेले. घोडा गेला तरी शब्द राहतात. नाहीतर ‘खोगीरभरती’ आज कोणाच्या तोंडी आली असती?

इ. स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या. उत्तर आफ्रिकेतल्या झनाता जमातीचे स्वार आखूड रिकिबीत, गुडघे दुमडून बसत आणि चपळाईने घोडा वळवत. स्पॅनिशमध्ये स्वाराला आजही ‘हिनेते’ म्हणतात, ते या झनातांवरून. १४९२ साली ग्रानाडाची मुस्लिम सत्ता संपली. स्पॅनिशांनी शत्रूला घालवले, त्याची बैठक मात्र ठेवून घेतली. १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोत उतरला तेव्हा त्याच्यासोबत १६ घोडे होते. त्याचा सैनिक बेर्नाल दियास याने पुढे त्यांचे रंग आणि गुणदोष एकेक करून लिहून ठेवले आहेत.

कॅलिफोर्नियात पहिले मिशन १७६९ मध्ये सॅन दिएगोला उभे राहिले. १८२३ पर्यंत ती २१ झाली. स्पॅनिश कायद्याने तिथल्या आदिवासींना घोड्यावर बसायला बंदी होती. जित्याने जेत्याच्या उंचीवर येऊ नये, हे साधे राजकारण. पण गुरे बेसुमार वाढली, राखणार कोण? अखेर पाद्रींनी मिशनमधल्या आदिवासी तरुणांनाच घोड्यावर बसवले. ‘वाका’ म्हणजे गाय, म्हणून हे ‘वाकेरो’.

त्यांच्या हातून घडलेली पद्धत मुलखाची संथ आहे. शिंगरू तीन-चार वर्षांचे झाल्यावर नाकावर ‘बोसाल’ चढवायचा आणि त्याला घोड्याच्या केसांचा वळलेला ‘मेकाते’ हा दोर बांधायचा. तोंडाला हात नाही. कारण अगदी व्यवहारी आहे : साधारण पाच वर्षांपर्यंत घोड्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात, त्या दुखऱ्या तोंडात लोखंड घातले तर पुढे जन्मभर तो लगामाला भितो. मग गुरांमागे न्यायचे, तेही आधी चालीने. रिकाम्या मैदानात घोड्याला उगाच का वळवतात हे त्याला कळत नाही. गाय वळली की कारण डोळ्यांपुढे असते. हळूहळू तो गाईच्या आधी तिचे मन ओळखतो. पुढे पातळ बोसालासोबत कडियाळे, म्हणजे दुहेरी लगाम. या काळात घोडा कडियाळे नुसते तोंडात वागवायला शिकतो. स्वार हुकूम देतो तो नाकावरूनच. शेवटी केवळ कडियाळे. तेही दिसायला भयंकर, आत पळीसारखे पाते असलेले. अडाणी हातात ते शस्त्रच; पण इथवर आलेल्या स्वाराचा लगाम सैलच असतो.

फासाचा दोर कच्च्या चामड्याचा, साठ फुटांच्या घरातला. झटक्याने तुटू नये म्हणून तो खोगिराला बांधत नसत. खोगिराच्या खुंटाला वेढे देऊन, सरकू देत बैल रोखायचा. त्यात कित्येकांचे अंगठे गेले.

हे कौशल्य कोणाच्या कामी आले? रिचर्ड हेन्री डेना हा खलाशी १८३५ मध्ये त्या किनाऱ्यावर आला, तेव्हा बोस्टनची जहाजे कातडी नि चरबी भरून नेत होती. कातड्यांना ‘कॅलिफोर्नियाच्या नोटा’ म्हणत. १८३३ च्या मेक्सिकन कायद्याने मिशने मोडली. त्यातली जमीन आदिवासींना मिळायची होती. बहुतेक गेली ती बड्या जमीनदारांकडे, आणि वाकेरो त्यांचेच चाकर झाले. अमेरिकेच्या अमलात १८५० साली आदिवासींच्या ‘संरक्षणाचा’ कायदा झाला. त्याच्या आधाराने लॉस एंजेलिसमध्ये ‘भटके’ म्हणून धरलेल्या आदिवासींची मजुरी लिलावात विकली जाई. देशातले उत्तम स्वार, आणि पायाखालची जमीन परक्याची! पुढे १८६२ ते १८६४ च्या दुष्काळात गुरे तडफडून मेली आणि जुने जमीनदारही बुडाले.

पद्धत मात्र मेली नाही. ती नेवाडा, ओरेगॉनच्या कुरणांत गेली. तिथल्या गोऱ्या गुराख्यांनी ‘वाकेरो’चे ‘बकारू’ केले आणि ‘मेकाते’चे ‘मकार्टी’. जणू कोणा आयरिश गृहस्थाचे आडनाव. विसाव्या शतकात ओरेगॉनचे टॉम डोरन्स (१९१०–२००३) आणि त्यांचे शिष्य रे हंट (१९२९–२००९) यांनी घोड्याला मोडण्याऐवजी समजून घेण्याचा आग्रह धरला. हंट गावोगाव शिबिरे घेत. आणि आर्नोल्ड रोहास या वाकेरोने म्हाताऱ्या वाकेरोंच्या हकिकती वर्तमानपत्रात लिहिल्या. ‘दीज वेअर द वाकेरोज’ हे त्याचे पुस्तक १९७४ मध्ये आले.